दसऱ्याचं पेट्रोल

२ डिसेंबर

मोबाईल फुटला. उदगीरला गाडीतून उतरताना हातातून निसटला, आता स्क्रीनवर नुसत्या हिरव्या रेघा. फोन आला तर उचलता येतो, बाकी बघायला काही नाही. वेळ कसा काढायचा म्हणून शिल्पावैनीला विचारलं तर तिनं कपाटातून कोरी वही काढून दिली. म्हणाली, "लिहा भावजी. तुमचं बोलणं ऐकून लोकांचे कान किटले, आता वहीला सांगा."

तर वहीला सांगतो. तीन वर्षांनी घरी आलोय. आई भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, "आलास हरी? हात धू." एवढंच. मला वाटलं होतं रडेल. जरा रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ व्यंकट, गोठ्यात होता. त्यानं मान हलवली अन् धार काढत राहिला. त्याच्या मागं, भिंतीला लाकडाच्या घोडीवर, गोणपाटात गुंडाळलेलं माझं होडीचं इंजिन. त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्यांदा तिकडंच नजर गेली.

आमच्या वाडीची घरं धरणाच्या ह्या काठाला अन् उरलेली जमीन त्या काठाला. मधलं सगळं पाण्याखाली. मी मालवणला पर्यटकांच्या बोटीवर काम करायचो, तिथल्या मालकाचं जुनं इंजिन आणलं, होडीला लावलं. धरणावर लोक फिरायला येतील, आपण बोटी चालवू, असं कायकाय बोललो होतो तेव्हा. त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या पूजेला, आई इंजिनाच्या होडीत बसून राणीसारखी शेतात गेली. मग मला कंटाळा आला अन् मी निघून गेलो. इंजिन कसं बंद करून ठेवायचं ते कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते चालूच झालं नाही. अण्णानं वल्हं मारत आईला काढलं तर मधे वारं सुटलं, होडी फिरली अन् भलत्याच काठाला बाभळीत जाऊन अडकली. आई अंबिलाचं मडकं पोटाशी धरून बसलेली. तेव्हापासून अण्णाचं एकच, इंजिन असलं तर आई येईल, नाहीतर नाही. वळसा घालून जायचं तर ओढ्यातल्या दगडातून अण्णाची मोटारसायकल ढकलत न्यावी लागते, ते तिच्या गुडघ्यांना जमत नाही.

येळवशीला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. अन् आई ओट्यावर एकटी. हे मला वैनीनं जेवताना सांगितलं, मीठ वाढत वाढत.

मी म्हणालो, यंदा आई जाणार. इंजिन मी चालू करतो.

आई म्हणाली, "बरं."

दुपारी मालवणच्या मालकाचा फोन आला होता. नाताळाची गर्दी सुरू व्हायच्या आत ये म्हणतो. मी हो म्हणून बसलो. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

४ डिसेंबर

गोणपाट काढलं. टाकीचं झाकण उघडलं अन् डोकं भणभणलं. पेट्रोलचा वासच नाही तो. वार्निशचा डबा उन्हात ठेवल्यासारखा आंबट वास. रंग चहासारखा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये ते उसाचं काहीतरी मिसळतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतं असं मालवणला सांगायचे. पडून राहिलं की खाली पाणी अन् वर चिकटा.

पण खरी गोष्ट पुढं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. मी गेलो तेव्हा तळाला थोडं होतं, मला पक्कं आठवतं. मी अण्णाला हाक मारली. म्हणालो, "कुणी भरून ठेवलं हे? इंजिन चालू न्हाई म्हणता अन् वरून पेट्रोल ओतता?"

अण्णानं मान वर केली. स्वयंपाकघराकडं बघितलं अन् म्हणाला, "असंल. मीच भरलं असंल."

"असंल म्हणजे?"

"भरलं म्हणलं ना. तू गेल्तास, तुला काय त्याचं?"

चूक त्याची अन् आवाज माझ्यावर. मीपण बोललो नको ते. वरचं आवरण काढलं तर आत पिवळे तांदूळ. दाणे दाणे चिकटलेले, अन् कसलातरी लाल डाग. उंदरांनी ओढून नेले असणार. उंदरं अन् अण्णा, दोघांनी मिळून इंजिनाची वाट लावली.

वाट मीच लावली हे मला कळतं. पण तोंडानं अण्णाचं नाव घेतलं की जरा हलकं वाटतं, अन् थोड्या वेळानं आणखी जड.

८ डिसेंबर

आज लई लाजेची गोष्ट झाली. उदगीरला प्लग आणायला निघालो. रस्त्यात एकजण देवणीच्या बाजाराला बैल घेऊन चाललेला, टेम्पो बंद पडलेला. त्याला हात लावला, टेम्पो चालू झाला, तो म्हणाला चल की बाजार बघ. गेलो. काय जनावरं होती. एक पांढराशुभ्र, कानाजवळ काळं, पाय असे टाकत होता की जमिनीवर उपकार करून राहिला. त्याचा मालक अन् मी बोलत बसलो. त्यानं भजी खाऊ घातली. बाजार उठला तेव्हा प्लगची आठवण झाली, उदगीरची दुकानं बंद व्हायला आली होती.

हात हलवत घरी आलो. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी खोटं बोलणार होतो की दुकानात नव्हता. पण तिनं आधीच विचारलं, "बैल कसा व्हता?"

"कोणता बैल?"

"पँटीला शेण लागलंय."

मग सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "तुझे बाबा बी असेच. मिठाला पाठवलं की जत्रा करून यायचे." बाबा जाऊन दहा वर्षं झाली. त्यांच्यावर गेलो म्हणते तेव्हा ते कौतुक असतं का काय असतं, कळत नाही.

वैनीनं भाकरी वाढली, भाजी वाढायची विसरली.

११ डिसेंबर

आज वाट वाकडी केली नाही. प्लग घेतला अन् इंजिनाचा कार्बोरेटर फडक्यात बांधून सरळ वीरण्णाकडं. वीरण्णाचं उदगीरला मोटारसायकलचं गॅरेज आहे, तो अण्णाच्या वर्गातला. त्यानं फडकं सोडलं अन् सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असा म्हणाला, "बघा रे, नळाला पाणी आठवड्यानं, अन् हे साहेब बोट घेऊन आले."

मी सांगितलं की दोरी ओढली की चोक असेपर्यंत भुरभुर चालतं, चोक काढला की मरतं.

"कामून मरतं?"

"पेट्रोल पोचत न्हाई पुरेसं."

"कामून पोचत न्हाई?"

"तुला ठाऊक न्हाई का?"

"मला ठाऊक हाय. तुला हाय का बघून राहिलो."

खालची वाटी उघडली. आत पिवळा डिंक साचलेला, बाभळीला येतो तसा. पेट्रोल जिथून वर चढतं ते भोक सुईच्या टोकाएवढं, ते पार बुजलेलं. वीरण्णानं जाडी तार घातली, मी ओरडलो, भोक मोठं होईल. मग त्यानं वायरीतली एक तांब्याची बारीक तार सोलून माझ्या हातात दिली अन् म्हणाला, "घे, तूच कर. तुटलं तर तुझं." केलं. भोकातून आभाळ दिसलं तेव्हा इतकं बरं वाटलं.

वाटीच्या बाहेरच्या कडेला पण एक तांदळाचा दाणा चिकटलेला निघाला. पिवळा. वीरण्णा तो बोटावर घेऊन म्हणाला, "ह्याचं लग्न लावलं व्हतं का रे कुणाशी?"

निघताना त्यानं बजावलं, टाकीतलं सगळं जुनं फेकून दे, टाकी आतून धू, नवं पेट्रोल घाल. एक थेंब जुना ठेवू नको. मी हो म्हणालो. माझं हो फार लवकर येतं.

१४ डिसेंबर

चालू झालं.

अंगणात पाण्याचा पिंप ठेवला, इंजिन त्यात खालपर्यंत बुडवून बसवलं, कारण कोरडं चालवलं तर आतला पंप जळतो. नवा कॅन आणला होता, त्यातलं पेट्रोल एका छोट्या डब्यात घेऊन पाईप जोडला. पेट्रोल वर चढवायला पाईपातला रबरी फुगा दाबला, तो दगडासारखा झालेला, दाबून दाबून अंगठा दुखला. दोरी ओढली. काही नाही. ओढली. एक खोकला. तिसऱ्यांदा असं धडाडलं की कोंबड्या भिंतीवर गेल्या.

पण बाजूनं पाण्याची धार येईना. ती आली नाही तर इंजिन तापून बसतं. बंद केलं, बघितलं, तर त्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. काडीनं काढलं. परत चालू केलं अन् बारीक धार सुरू झाली. शेजारची सिंधुकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अग्गं, हे तर लेकरावाणी मुततंय."

आई दारात उभी होती, पिठाचे हात. ते तसेच जोडले तिनं इंजिनाला. मग आत गेली अन् माळ्यावरून अंबिलाचं मडकं काढायला वैनीला सांगितलं. चुना लावून वाळत ठेवलंय. पांढरं शुभ्र.

अण्णा लांब उभा राहून ऐकत होता. जाताना म्हणाला, "बरं केलंस." एवढ्या दोन शब्दांसाठी मी तिथंच बसून राहिलो किती वेळ.

अन् फोन आला. मालक म्हणतो, सतराला रात्री नाही पोचलास तर दुसरा पोरगा ठेवतो.

१६ डिसेंबर

हे कुणी वाचू नये.

पहाटे निघालो. अण्णाच्या गाडीत पेट्रोल नव्हतं, खिशात पैसे तिकिटापुरतेच होते. इंजिनासाठी आणलेला कॅन होता. तो गाडीत ओतला. तळाला वाटीभर राहिलं. मनाला म्हणालो, इंजिन तर दुरुस्त केलं, माझं काम झालं, पेट्रोल कुणीपण आणेल. चालवायचं कुणी, हे मनानं विचारलं नाही अन् मी सांगितलं नाही.

उदगीर स्टँडवर गाडी लावली. चावी वीरण्णाकडं देऊन लातूरच्या बसमध्ये बसायचं, पुढं कोल्हापूर, पुढं मालवण. वीरण्णा शटर उघडत होता. मला बघून म्हणाला, "झालं का रे चालू?"

"झालं."

"मग यंदा केवळाकाकू शेतात जाणार म्हण की. मला बोलवा अंबील प्यायला. का एकट्यानंच पितोस?"

त्याच्या हातात चावी द्यायला हात पुढं केलेला तसाच राहिला. म्हणालो, चहा पाज. चहा प्यालो. लातूरची बस समोरून गेली. बसायचं नाही असं मी ठरवलं नाही. फक्त बसलो नाही.

परत आलो तर आई म्हणाली, "थंडीत कुठं गेल्तास एवढ्या सकाळी?" म्हणालो, प्लग बघायला. ती म्हणाली, "मिळाला का?" प्लग तर कधीच बसवलाय, तिच्या समोर चालू केलंय इंजिन. मी म्हणालो, मिळाला. ती म्हणाली, "बरं झालं."

१८ डिसेंबर

उद्या येळवस. घरात आंबट अंबिलाचा, भिजवलेल्या वाटाण्याचा, भाजलेल्या तिळाचा वास. वैनी बाजरीचे उंडे वळून राहिली. आज वैनीनं मला दोन वेळा भाजी वाढली.

गाडीतलं पेट्रोल परत काढायचं होतं. काल काढणार होतो, काल अण्णा सारखा गाडीपाशी. आज काढलं असतं तर त्यानं विचारलं असतं, गाडीत आलं कुठून? पंप लांब. नव्यासाठी पैसे मागू कसे, कॅन तर भरून आणला होता सगळ्यांच्या देखत.

म्हणून टाकीतलं जुनंच गाळलं. आईकडं जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला, म्हणालो पुसायला. तिनं मऊ बघून दिला. चौघडी करून गाळलं, वरचं वरचं घेतलं, तळाचं टाकलं, त्यात नव्याचं वाटीभर मिसळलं. पिंपात लावून बघितलं. चालतंय. नीट चालतंय.

एवढंसं तर पाणी ओलांडायचंय. चालेल.

वीरण्णाचं बोलणं आठवतंय. चालेल.

२० डिसेंबर

कालचं लिहायचं आहे. हाताला फोड आलेत, अक्षर वाकडं येईल.

अण्णा अन् वैनी कडबा, भांडी घेऊन वळशानं गाडीवर आधी गेले, खोप करायला. मी आईला होडीत बसवलं. मडकं मांडीवर, त्यावर ज्वारीची ताटं. नवं लुगडं नेसलेली. पहिल्या ओढीला इंजिन चालू झालं. सिंधुकाकू तिच्या काठावरच्या वावरातून हात करत होती, आईनं पण केला. तिचा पदर उडत होता अन् ती हसत होती, एवढी हसताना मी तिला कधी बघितलं ते आठवेना. मला वाटलं, सुटलो.

मधोमध गेलो अन् इंजिन घुटमळलं. फुगा दाबला. जरा चाललं. मग बंद.

फिल्टर उघडला. आत तपकिरी गाळ अन् पाणी. टाकीच्या कडांना चिकटलेलं सगळं लाटांच्या हेलकाव्यानं सुटलं होतं. पिंपात चालवलं तेव्हा टाकी हलत नव्हती, म्हणून कळलं नाही. पुसलं, लावलं, दोरी ओढली. चालू झालं, बंद झालं. परत पुसलं. वारं सुटायला लागलं होतं. होडी आडवी व्हायला लागली. आईनं मडकं घट्ट धरलं. मी वल्हं घेतलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "काय झालं रे?"

"पेट्रोल जुनं हाय. घाण आली."

"जुनं म्हंजी ते टाकीतलंच?"

"हाव."

तिनं मांडीवरचं मडकं नीट केलं. मग म्हणाली, "मग ते माझंच हाय."

मी वल्हं मारत होतो.

"दर दसऱ्याला व्यंकटकडून आणून घ्यायची अन् भरून ठिवायची. अवजारं पुजायची तर रिकाम्या टाकीला हळदकुंकू कसं लावायचं? वरचं झाकण काढून आत बी अक्षता टाकल्या. अन् म्हणलं तू आलास तर पेट्रोल हुडकत फिरायला नको." मग पाण्याकडं बघत म्हणाली, "माझ्यामुळं बंद पडलं बघ. तुझी एवढी मेहनत."

त्या वेळी सांगायचं होतं. तोंड उघडलं सुद्धा. वारं होतं, दम लागला होता, ही कारणं मी इथं लिहितोय पण ती खरी नाहीत. तिनं चूक अंगावर घेतली अन् मला एक क्षण बरं वाटलं, एवढंच खरं आहे. अण्णाला मी चार तारखेला काय काय बोललो ते पण तेव्हाच आठवलं.

अण्णानं लांबून बघितलं होतं. छातीएवढ्या पाण्यात आला अन् होडी ओढून घेतली. अंबील सांडलं नव्हतं.

आई शेतात चालत गेली. वैनीचा हात धरून, थांबत थांबत, ज्वारीच्या कणसाला हात लावत. खोपीत पाच पांडव मांडले होते, चुना लावलेले दगड. पूजा झाली. अंबील शिंपडायचं अण्णा करतो, बाबा गेल्यापासून. काल आईनं तांब्या मला दिला. मी पुढं, अण्णा मागं येळवशीची हाळी देत, "ओलगे ओलगे सालम पोलगे," सगळ्या वावराला फेरी. मी नुसतं शिंपडत गेलो.

जेवायला शेजारच्या वावरातले आले. सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, उंडे, अंबील. आई प्रत्येकाला सांगत होती, इंजिन कसं बंद पडलं, तिनंच पेट्रोल सडवलं, इंजिनाला नैवेद्य दाखवला अन् इंजिनाला बाधला. लोक पोट धरून हसत होते. एकजण म्हणाला, पुढच्या दसऱ्याला त्याला पुरणपोळी घाला. मी उंडा तोंडात धरून बसलो. अण्णा हसला नाही.

दुपार उतरताना अण्णानं पाईप घेतला अन् गाडीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढायला लागला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "टाकी धू ती. दोनदा धू." धुतली. त्यानं कॅन माझ्यासमोर ठेवला. "तू पहाटे नेलीस तवा माझी गाडी कोरडी व्हती," म्हणाला. बस. तिथं आई नव्हती, ती वैनीसंगं हरभरा उपटत होती. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी टाकीवरून बोललो ते," तर तो म्हणाला, "फुगा नीट दाब," अन् गेला.

परत येताना इंजिन एकदा पण अडखळलं नाही. सूर्य खाली गेलेला, आई पुढं माझ्याकडं तोंड करून बसलेली, ओटीत हरभऱ्याचे डहाळे. मधोमध आलो तेव्हा मी सांगितलं. सगळं. कॅन गाडीत ओतला ते, मालवणला पळून चाललो होतो ते, तुझं पेट्रोल मीच घातलं, नवं असताना, ते. इंजिन चालू ठेवून सांगितलं. एवढ्या आवाजात ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगता आलं.

ती पाण्याकडं बघत होती. एक डहाळा सोलून तिनं माझ्या हातावर घाटे ठेवले. मग जवळ वाकून म्हणाली, "तिकडं समुद्रावर थंडी असती का रे? स्वेटर हाय का तुझ्याजवळ?"

म्हणजे तिला काही ऐकू आलं नव्हतं. थंडीचं बोलत होती आपली.

घराकडच्या काठाला सिंधुकाकू आधीच येऊन उभी. "काय वं केवळा, सकाळी मधीच कामून थांबलं गं इंजिन? माझा तर जीव उडाला."

आई माझ्या खांद्याला धरून उतरली. "माझंच चुकलं बाई," म्हणाली. "जुनं पेट्रोल भरून ठिवलं. पोराचा काही दोष न्हाई."

तेव्हा तर खात्रीच झाली, ऐकलं नाही तिनं. आता परत सांगावं लागेल, इंजिन बंद असताना, समोर बसून. आज सांगेन म्हणून सकाळपासून दोनदा स्वयंपाकघरात गेलो. एकदा पाणी पिऊन आलो, एकदा तसाच.

आत्ता वैनी अण्णाचा जुना स्वेटर धुऊन तारेवर टाकून राहिली. म्हणाली, "उद्यापर्यंत वाळंल. आत्यानं काढून दिला, म्हणल्या हरीला जायचंय." आईला तर ऐकू आलं नाही, दुसऱ्या कुणाला मी जायचं बोललो नाही. अण्णानंच सांगितलं असणार.